संख्याशास्त्रज्ञाचा सल्ला : केव्हा व कसा घ्यावा

प्रायोगिक विषयांत संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला एक प्रसंग हमखास येतो. दोन-तीन वर्षे खपून मोजमापे घेतलेली असतात, आकड्यांनी वह्या भरलेल्या असतात, प्रबंध सादर करण्याची तारीख जवळ आलेली असते, आणि मग आकड्यांची ती मोट घेऊन तो एखाद्या संख्याशास्त्रज्ञाकडे जातो व विचारतो, "याला कोणती चाचणी लावू?" प्रश्न साधा दिसतो. त्याचे उत्तर मात्र पुष्कळदा देता येत नाही. याचे कारण विद्यार्थ्याची गणितातील कच्चेपणा हे नसून, प्रश्न ज्या वेळी विचारावयास हवा होता ती वेळ निघून गेलेली असते, हे होय. अशा सल्लामसलतीचे खरे स्वरूप काय, ती केव्हा व्हावी, आणि सल्ला मागणाऱ्याने बरोबर काय न्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आज गणनेचे काम संगणक करतो. पूर्वी ज्या प्रचरण-विश्लेषणाला दिवसच्या दिवस लागत, ते आता क्षणार्धात होते. त्यामुळे अडचण नाहीशी झाली असे नव्हे. ती फक्त अधिक उघडी पडली आहे. आकडे कसेही जमवलेले असोत, यंत्र उत्तर देतेच. ते आकडे कोठून आले, हे यंत्र विचारीत नाही. तो प्रश्न विचारणे हेच सल्लागाराचे पहिले काम.

१. एक जुना दाखला

संख्याशास्त्राच्या इतिहासात सल्ला मागण्याचा एक प्रसंग फार फलदायी ठरला. विल्यम सीली गॉसेट हा ऑक्सफर्डमध्ये रसायन व गणित शिकलेला तरुण 1899 मध्ये डब्लिन येथील गिनेस कंपनीच्या मद्यनिर्मितीच्या कारखान्यात नोकरीस लागला. बार्ली, हॉप्स व त्यांपासून होणारे पेय यांवरील प्रयोगांचे आकडे त्याच्यापुढे येत. हे प्रयोग खर्चाचे व वेळखाऊ असल्याने निरीक्षणांची संख्या अगदी थोडी असे. उलट त्या काळचे संख्याशास्त्र मोठ्या नमुन्यांसाठी रचलेले होते. 1904 मध्ये गॉसेटने कारखान्यासाठी एक टिपण लिहिले व अशा प्रश्नांवर एखाद्या गणितज्ञाचे मत घ्यावे असे सुचविले. पुढील वर्षी जुलै महिन्यात तो कार्ल पिअर्सन यांना भेटला. 1906-07 या वर्षी तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात पिअर्सन यांच्या प्रयोगशाळेत राहिला आणि 1908 मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने त्याचा लहान नमुन्यांच्या सरासरीवरील निबंध 'बायोमेट्रिका'त प्रसिद्ध झाला. आज सर्वत्र वापरली जाणारी टी-चाचणी त्यातूनच उदयास आली.

या हकिगतीत लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, गॉसेटने 'सूत्र सांगा' असे म्हटले नाही. आपल्या कामात काय अडते, थोड्याच निरीक्षणांवरून निर्णय घ्यावा लागतो तेव्हा त्यावर किती भरवसा ठेवावा, हा त्याचा प्रश्न होता. विषयाच्या पोटातून आलेला प्रश्न सल्लागारालाही विचार करावयास लावतो. केवळ चाचणीचे नाव विचारणारा प्रश्न दोघांनाही काही शिकवीत नाही.

२. वेळेचा प्रश्न

रोनाल्ड फिशर हे 1919 मध्ये इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील कृषिसंशोधन केंद्रात रुजू झाले, तेव्हा त्यांच्यापुढे काम ठेवले गेले ते अनेक दशकांच्या साठलेल्या नोंदींतून काही अर्थ काढण्याचे. तेथील ब्रॉडबाक शेतावरील गव्हाचे प्रयोग 1843 पासून चालू होते. या कामातून फिशर यांची जी दृष्टी तयार झाली, तिचा सारांश असा की, प्रयोगाची मांडणी आणि आकड्यांचे विश्लेषण ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत. 1935 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगरचनेवरील ग्रंथाचे हेच सूत्र आहे. 1938 च्या जानेवारीत कलकत्ता येथे भरलेल्या पहिल्या भारतीय संख्याशास्त्र परिषदेचे अध्यक्ष या नात्याने बोलताना त्यांनी, प्रयोग संपल्यावर बोलावलेल्या संख्याशास्त्रज्ञाची तुलना शवचिकित्सा करणाऱ्या वैद्याशी केली. रोगी कशाने दगावला एवढेच तो सांगू शकतो. हे उद्गार भारतात काढले गेले, याला एक औचित्य आहे. त्या काळात आपल्याकडे शेतीच्या प्रयोगांना शिस्त लावण्याचे काम सुरू झालेले होते. त्या कामात सातारा जिल्ह्यात जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांचा वाटा मोठा आहे. त्यांनी व डॉ. पानसे यांनी मिळून लिहिलेला, शेतकी संशोधकांसाठी संख्याशास्त्रीय पद्धती सांगणारा ग्रंथ भारतीय कृषि-अनुसंधान परिषदेने 1954 मध्ये प्रसिद्ध केला. पिढ्यान्‌पिढ्या कृषिविद्यालयांचे विद्यार्थी तो वापरीत आले आहेत.

तात्पर्य, सल्ला घेण्याची योग्य वेळ म्हणजे पहिले बी पेरण्यापूर्वी, पहिला उंदीर पिंजऱ्यात ठेवण्यापूर्वी, पहिली प्रश्नावली छापण्यापूर्वी. त्या वेळी अर्ध्या तासाच्या बोलण्याने जे साधते, ते पुढे वर्षभराच्या गणनेनेही साधत नाही. हे विधान केवळ उपदेशाचे वाटू नये, म्हणून एक उदाहरण आकड्यांसह पाहू.

३. साठ रोपे आणि तीन ट्रे

समजा, खारट पाण्याचा ज्वारीच्या रोपांच्या वाढीवर काय परिणाम होतो हे पाहावयाचे आहे. खारटपणाच्या तीन पातळ्या ठरविल्या. प्रत्येक पातळीसाठी एक ट्रे घेतला, प्रत्येक ट्रेमध्ये 20 रोपे वाढविली व एकवीस दिवसांनी सर्व 60 रोपांची उंची मोजली. विद्यार्थी समजतो की आपल्यापाशी प्रत्येक पातळीची 20 निरीक्षणे आहेत. सल्लागार विचारतो, "खारट पाणी कोणाला दिले? रोपाला की ट्रेला?" पाणी ट्रेला दिले. म्हणजे उपचार ज्याला स्वतंत्रपणे दिला गेला तो घटक ट्रे हा होय. यालाच प्रायोगिक एकक म्हणतात. या प्रयोगात एकके तीनच आहेत आणि प्रत्येक उपचाराला एकच. खिडकीजवळच्या ट्रेला ऊन अधिक मिळाले असेल, एखाद्या ट्रेमधील माती निराळी असेल, तर तो फरक आणि मिठाचा फरक एकमेकांत असे मिसळले की कोणत्याही गणिताने ते वेगळे होणार नाहीत.

यात किती नुकसान होते, तेही मोजता येते. उदाहरणापुरते असे धरू की, सारख्याच उपचाराच्या निरनिराळ्या ट्रेंमधील प्रचरण 4 आहे आणि एकाच ट्रेमधील रोपारोपांतील प्रचरण 16 आहे (उंची सेंटिमीटरमध्ये). एका ट्रेमध्ये 20 रोपे असता उपचाराच्या सरासरीचे प्रचरण 4 + 16/20, म्हणजे 4.8 होते, त्याचे वर्गमूळ, म्हणजे प्रमाण त्रुटी, सुमारे 2.19. परंतु ट्रेंमधील फरक लक्षात न घेता केवळ 20 रोपांवरून हिशेब केला, तर प्रचरण 16/20 म्हणजे 0.8 आणि प्रमाण त्रुटी 0.89 एवढीच दिसते. खरी अनिश्चितता दाखविलेल्या अनिश्चिततेच्या जवळजवळ अडीचपट असते. जो फरक 'सार्थ' म्हणून प्रबंधात मिरवला जाईल, तो कदाचित खिडकीचा फरक असेल.

आता तेवढीच 60 रोपे निराळ्या रीतीने वाटू. बारा ट्रे घ्यावेत, प्रत्येकात 5 रोपे लावावीत, प्रत्येक पातळीला चार ट्रे द्यावेत, आणि कोणता ट्रे कोणत्या पातळीला व कोणत्या जागी हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. सरासरीचे प्रचरण आता 4/4 + 16/20, म्हणजे 1.8 होते, प्रमाण त्रुटी 1.34. रोपे तेवढीच, मोजण्याचे श्रम तेवढेच. पण अनिश्चितता उतरली, आणि मुख्य म्हणजे ती किती आहे हे प्रयोगातूनच कळू लागले. बारा ट्रेंच्या बारा सरासऱ्यांवरून प्रचरण-विश्लेषण करावे; त्रुटीसाठी 12 - 3 = 9 मुक्ततामात्रा मिळतात. उलटपक्षी, पहिल्याच मांडणीत एका ट्रेमध्ये शंभर रोपे लावली असती तरी प्रचरण 4.16 वरच थांबले असते. एककांची संख्या न वाढविता मोजमापेच वाढविणे म्हणजे एकाच साक्षीदाराला तीच साक्ष शंभर वेळा द्यावयास लावण्यासारखे आहे.

हा दोष विरळा नाही. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी 1984 मध्ये परिस्थितिविज्ञानातील 1960 नंतरचे 176 प्रायोगिक निबंध तपासले, तेव्हा त्यांपैकी 27 टक्क्यांत, आणि ज्यांत अनुमानात्मक संख्याशास्त्र वापरले होते त्यांपैकी 48 टक्क्यांत, त्यांना हा आभासी पुनरावृत्तीचा दोष आढळला. ज्या विषयांत वर्गातील विद्यार्थी, एकाच पिंजऱ्यातील प्राणी, एकाच रुग्णाचे दोन डोळे किंवा एकाच काचपात्रातील पेशी मोजल्या जातात, त्या सर्व विषयांना तो लागू आहे.

४. चिठ्ठ्यांचे महत्त्व

यादृच्छिक वाटणी ही पुष्कळांना केवळ औपचारिकता वाटते. तसे नाही, हे दाखविणारा प्रसंग स्कॉटलंडमधील लॅनर्कशायर येथे 1930 मध्ये घडला. मुलांच्या वाढीवर दुधाचा काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी 67 शाळांतील सुमारे 20,000 मुले निवडली गेली. पैकी 10,000 मुलांना चार महिने रोज पाऊण पाइंट दूध देण्यात आले, 10,000 मुलांना दिले नाही. वाटणी चिठ्ठ्यांनी किंवा वर्णानुक्रमाने व्हावयाची होती. परंतु एखाद्या गटात धडधाकट किंवा कृश मुले फार झाली असे वाटल्यास अदलाबदल करण्याची मुभा शिक्षकांना होती. शिक्षकांच्या मनात करुणा होती. दूध अशक्त मुलांकडे वळले. परिणामी ज्यांना दूध मिळाले नाही ती मुले आरंभीच उंचीने व वजनाने सरस ठरली. शिवाय मुलांचे वजन कपड्यांसह केले जाई, फेब्रुवारीत हिवाळी कपड्यांत आणि जूनमध्ये उन्हाळी कपड्यांत. आणि जाड कपडे गरिबांच्या मुलांपाशी कमी असतात.

या प्रयोगाचे परीक्षण 'स्टुडंट'नेच 1931 मध्ये केले. वीस हजार मुलांऐवजी एकरूप जुळ्यांच्या 50 जोड्या घेऊन, जोडीतील कोणाला दूध द्यावयाचे हे नाणे उडवून ठरविले असते, तर अधिक विश्वसनीय उत्तर मिळाले असते, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. संख्येचा डोंगर मांडणीतील दोष झाकू शकत नाही, हा धडा याहून स्पष्टपणे क्वचितच मिळतो. सल्ला मागणाऱ्याने म्हणून वाटणी प्रत्यक्षात कशी झाली हे जसेच्या तसे सांगावे. 'यादृच्छिक केली' एवढे म्हणू नये. चिठ्ठ्या टाकल्या, संगणकाकडून यादी घेतली, की जो समोर आला त्याला उपचार दिला, हे सांगावे.

५. नमुना किती मोठा हवा?

सल्लागारापुढे वारंवार येणारा दुसरा प्रश्न हा. त्याचे उत्तर एका आकड्यात मागितले जाते. पण ते उत्तर विद्यार्थ्यानेच पुरवावयाच्या तीन गोष्टींवर अवलंबून असते. किती फरक सापडला तर तो शास्त्रीय दृष्ट्या महत्त्वाचा समजावयाचा, मोजमापांत एरवी किती विचलन असते, आणि चुकीच्या निष्कर्षाची किती जोखीम पत्करावयाची. दोन गटांच्या सरासऱ्यांत एका प्रमाण विचलनाएवढा फरक असेल, तर 5 टक्के सार्थता-पातळीवर तो 80 टक्के वेळा पकडण्यासाठी प्रत्येक गटात सुमारे 17 एकके लागतात. फरक अर्ध्या विचलनाएवढा असेल तर सुमारे 64 लागतात. फरक निम्मा झाला की एकके साधारणतः चौपट होतात. पहिली गोष्ट संख्याशास्त्रज्ञ सांगू शकत नाही. दोन क्विंटलांचा फरक शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा की नाही हे शेतकीतज्ज्ञाने सांगावयाचे असते. दुसरी गोष्ट पूर्वीच्या निबंधांतून किंवा लहानशा प्राथमिक प्रयोगातून मिळते. ही तयारी करून गेलेल्या विद्यार्थ्याला एकाच बैठकीत उत्तर मिळते.

६. प्रश्न कसा मांडावा

आता प्रत्यक्ष प्रश्नाकडे वळू. 'माझ्याकडे तीन गट आहेत, कोणती चाचणी लावू?' या प्रश्नाला उत्तर नाही. त्याऐवजी पुढील मजकूर पाहा :

'खारट पाण्याने ज्वारीच्या रोपांची उंची घटते काय, व किती, हे मला पाहावयाचे आहे. पाण्याच्या तीन पातळ्या असून प्रत्येकीस चार ट्रे, संगणकाने दिलेल्या यादृच्छिक यादीनुसार, दिले. प्रत्येक ट्रेमध्ये 5 रोपे होती. उंची एकविसाव्या दिवशी सेंटिमीटरमध्ये मोजली. सर्वाधिक खारट पातळीवर चार रोपे मेली. त्यांच्या जागा कोऱ्या ठेवल्या आहेत. ट्रेंच्या सरासऱ्यांचा आलेख सोबत आहे. मेलेल्या रोपांमुळे तुलना एकतर्फी होते काय, ही माझी मुख्य शंका आहे.'

हा मजकूर दहा ओळींचाही नाही. त्यात शास्त्रीय प्रश्न आहे, एकक आहे, वाटणीची रीत आहे, मोजण्याचे परिमाण आहे, गहाळ निरीक्षणांचा हिशेब आहे आणि नेमके काय अडते तेही आहे. सल्लागार समोर बसलेला असो वा दूरच्या गावी पत्राने अथवा विद्युत्-टपालाने उत्तर देणारा असो, त्याला विचार करावयास एवढे पुरते. किंबहुना असा मजकूर लिहू लागल्यावर अर्ध्या शंका विद्यार्थ्याच्या स्वतःच मिटतात.

आकड्यांचा तक्ता देतानाही काही पथ्ये पाळावीत. एका ओळीत एका निरीक्षणाचीच माहिती असावी आणि प्रत्येक स्तंभात एकच गोष्ट असावी. शून्य, 'मोजले नाही' आणि 'उपकरणाच्या मर्यादेखाली' या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. तिन्ही ठिकाणी शून्य लिहिणे हा घोर अपराध समजावा. मूळ मोजमापे द्यावीत. केवळ टक्केवारी किंवा सरासरी देऊ नये, कारण 50 टक्के म्हणजे दोनपैकी एक की दोनशेपैकी शंभर, हे त्यावरून कळत नाही. एखादे निरीक्षण वगळले असल्यास ते तक्त्यात ठेवून कारण लिहावे. माणसांविषयीची माहिती असेल तर नावे, पत्ते व ओळख पटविणाऱ्या इतर खुणा काढूनच ती दुसऱ्याच्या हाती द्यावी.

आणि आलेख अवश्य काढावा. फ्रान्सिस अ‍ॅन्स्कम यांनी 1973 मध्ये अकरा-अकरा बिंदूंचे चार संच प्रसिद्ध केले. चारही संचांत सरासऱ्या सारख्या, सहसंबंध-गुणक 0.82 च्या आसपास आणि जुळणारी सरळ रेषाही तीच. आलेख काढला की एकात साधा रेषीय संबंध, दुसऱ्यात वक्र, तिसऱ्यात एका विक्षिप्त बिंदूने कललेली रेषा, आणि चौथ्यात केवळ एका बिंदूच्या आधारावर उभा असलेला संबंध दिसतो. सारांशाचे आकडे पाहून यांतला कोणताही भेद ओळखता आला नसता.

७. काय मागू नये

शेवटी एका नाजूक गोष्टीचा उल्लेख करणे प्राप्त आहे. कधी कधी सल्लागाराकडे सल्ला मागितला जात नाही; अनुकूल उत्तर मागितले जाते. 'या चाचणीत सार्थता येत नाही, दुसरी कोणती लावल्यास येईल?' असा तो प्रश्न असतो. त्यामागील दडपण खरे असते : शिष्यवृत्तीची मुदत, मार्गदर्शकांची अपेक्षा, निबंध स्वीकारला जाण्याची चिंता. तरीही त्याचा परिणाम काय होतो ते पाहावे. कोणताही खरा फरक नसताना वीस स्वतंत्र चाचण्या 5 टक्क्यांच्या पातळीवर केल्या, तर निदान एक तरी 'सार्थ' ठरण्याची संभाव्यता 1 - (0.95)²⁰, म्हणजे सुमारे 64 टक्के असते. एकोणीस चाचण्या वहीत ठेवून विसावी छापली, तर वाचकाला 5 टक्के जोखीम सांगितली जाते आणि प्रत्यक्षात ती जवळजवळ तेरापट असते. अमेरिकन संख्याशास्त्रीय संघाने 2016 मध्ये काढलेल्या निवेदनात हाच इशारा दिला आहे : केवळ संभाव्यता-मूल्य एका ठरीव रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे, यावर शास्त्रीय निष्कर्ष बेतू नयेत, आणि केलेली सर्व विश्लेषणे उघड करावीत.

म्हणून किती चाचण्या केल्या, किती चल मोजले, कोणते गट नंतर पाडले, हे सल्लागारापासून लपवू नये. फरक आढळला नाही हेही एक उत्तर आहे. मात्र ते फरकाचा अंदाज व त्याचा विश्वास-अंतराल यांसह मांडावे. अंतराल अरुंद असेल तर 'परिणाम असलाच तर तो अल्प आहे' असे म्हणण्याचा अधिकार प्राप्त होतो. तो रुंद असेल तर 'हा प्रयोग निर्णयास पुरेसा नाही' असे प्रांजळपणे म्हणावे लागते. दोन्ही विधाने प्रबंधात शोभून दिसतात.

सल्लागाराकडूनही काही अपेक्षा ठेवणे रास्त आहे. त्याने विषय समजून घेण्यास वेळ द्यावा, सोपी पद्धत पुरत असता अवघड पद्धत सुचवू नये, आणि 'या आकड्यांवरून हे सांगता येत नाही' असे म्हणण्याचे धैर्य दाखवावे. त्याने मांडणीला किंवा विश्लेषणाला भरीव हातभार लावला असेल, तर निबंधात त्याची यथायोग्य नोंद करणे हे संशोधकाचे कर्तव्य आहे.

प्रत्येक विभागात नव्या संशोधनाचा आराखडा मंजूर होण्यापूर्वी, प्रायोगिक एकक कोणते, वाटणी कशी होणार, एकके किती व का, आणि मुख्य विश्लेषण कोणते, या चार प्रश्नांची उत्तरे एका पानावर लिहून घेण्याची प्रथा पडली, तर खर्च काहीच येणार नाही. ते पान घेऊन विद्यार्थी संख्याशास्त्रज्ञाकडे गेला, तर त्या वेळी ट्रे अजून रिकामे असतील आणि मांडणीत हवा तो बदल करता येईल.